सैनिकांच्या मतांचे सर्व्हे कसे वाचायचे? इराक युद्धाच्या आकड्यांवरून समजून घ्या

समजा तुमच्या ग्रुपवर एकाच दिवशी दोन फोटो आले. एकावर लिहिलंय, ‘७२ टक्के सैनिक म्हणतात, आत्ताच्या आत्ता युद्ध थांबवा!’ दुसऱ्यावर लिहिलंय, ‘८५ टक्के सैनिकांना युद्धाचं कारण पटलंय!’ खाली दोन्हीकडे एकाच सर्व्हेचं नाव आहे. आता यातलं खरं कोणतं?

उत्तर असं आहे की दोन्ही आकडे खरे असू शकतात आणि तरी दोन्ही वाक्यं चुकीची असू शकतात. गंमत म्हणजे हे आकडे काल्पनिक नाहीत. २००६ मध्ये इराकमधल्या अमेरिकन सैनिकांचा एक सर्व्हे झाला होता, त्यात हे दोन्ही आकडे होते. युद्धाच्या बाजूच्यांनी आणि विरोधातल्यांनी त्यातून आपापल्या सोयीचं तेवढंच उचललं.

सैनिकांच्या मताला वजन जास्त असतं. कारण युद्धात जीव त्यांचा जातो. ‘सैनिक स्वतःच असं म्हणतायत’ हे वाक्य टाकलं की समोरचा गप्प बसतो. म्हणूनच हे आकडे सगळ्यात जास्त ओढले-ताणले जातात. चला तर मग, हे सर्व्हे कसे होतात, त्यांचा चुकीचा अर्थ कसा लावला जातो आणि मोबाइलवर पाच मिनिटांत आपण काय तपासू शकतो, ते एकेक करून बघू.

थोडक्यात सांगायचं तर

• सर्व्हेचा आकडा म्हणजे ठरावीक लोकांनी, ठरावीक दिवशी, एका ठरावीक प्रश्नाला दिलेलं उत्तर. त्यापेक्षा जास्त काही नाही.
• ‘सैनिक’ या शब्दात सेवेतले, राखीव दलातले, माजी सैनिक असे वेगवेगळे लोक येतात. सर्व्हे नक्की कोणाचा, हे आधी बघायचं.
• ‘बाजूने नाहीत’ म्हणजे ‘विरोधात आहेत’ असं नसतं. मध्ये ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचं नाही’ म्हणणारेही असतात.
• सर्व्हेत त्रुटी असतात म्हणून तो कचऱ्यात टाकायचा नसतो. तो नक्की काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे बघायचं असतं.

सैनिकांचे सर्व्हे कधीपासून होतात?

ही पद्धत आजकालची नाही. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकन लष्कराच्या एका डिव्हिजनमध्ये सैनिकांच्या मतांचा पहिला मोठा सर्व्हे सुरू झाला. हे काम समाजशास्त्रज्ञ सॅम्युअल स्टाउफर यांच्या टीमकडे होतं. युद्ध संपेपर्यंत या टीमने पाच लाखांहून जास्त सैनिकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. त्यातून निघालेलं ‘द अमेरिकन सोल्जर’ हे पुस्तक १९४९ मध्ये आलं. समाजशास्त्र शिकणारे विद्यार्थी आजही त्याचं नाव ऐकतात.

या टीमची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रश्नावलीवर नाव लिहायचं नाही. खोलीत वरिष्ठ अधिकारी थांबायचा नाही. कारण उघड आहे, साहेब समोर उभे असतील तर ‘जेवण कसं आहे?’ या प्रश्नालाही माणूस ‘एकदम छान’ असंच लिहिणार.

या सर्व्हेंचा उपयोगही झाला. युद्ध संपत आल्यावर आधी कोणाला घरी सोडायचं, हा मोठा प्रश्न होता. त्यावर सैनिकांचीच मतं विचारली गेली. मग नोकरीचा काळ, परदेशातला काळ, लढाईतला सहभाग आणि घरी मुलं आहेत का, यांवरून गुण देण्याची पद्धत ठरली. म्हणजे सर्व्हे नीट केला आणि नीट वाचला, तर त्यातून सैनिकाचंच भलं होतं. वाईट वाचला, तर सैनिकाच्या तोंडी दुसऱ्याचेच शब्द घातले जातात.

इराक युद्धात काय चाललं होतं?

मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. मोठं कारण सांगितलं होतं ते असं की सद्दाम हुसेनकडे महासंहारक शस्त्रं आहेत. ती शस्त्रं सापडली नाहीत. शोध घेणाऱ्या अमेरिकन गटाने २००४ मध्ये तसा अहवालही दिला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगानेही २००४ मध्ये सांगितलं की इराक आणि अल कायदा यांनी मिळून हल्ले घडवल्याचा पुरावा मिळालेला नाही.

२००६ पर्यंत इराकमध्ये एक लाख तीस हजारांच्या आसपास अमेरिकन सैनिक होते आणि हिंसाचार वाढत चालला होता. सैन्य परत बोलवायचं की आणखी पाठवायचं, यावर अमेरिकेत जोरात वाद सुरू होता. हाच काळ ब्लॉगचाही होता. आज जे रील्स आणि फॉरवर्ड करतात, ते काम तेव्हा पक्षाभिमानी ब्लॉग करत. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट हवी होती: ‘सैनिक आमच्या बाजूने आहेत’ याचा पुरावा.

सर्व्हे पहिला: इराकमधले ९४४ सैनिक

२८ फेब्रुवारी २००६ रोजी झॉग्बी ही सर्व्हे कंपनी आणि ल मॉइन कॉलेज यांनी एक सर्व्हे जाहीर केला. इराकमध्ये प्रत्यक्ष तैनात असलेल्या ९४४ अमेरिकन सैनिकांना समोरासमोर प्रश्न विचारले होते. हे काम जानेवारी आणि फेब्रुवारी २००६ मध्ये झालं. त्रुटीची मर्यादा होती अधिक-उणे ३.३ टक्के.

‘अमेरिकेने इराकमधून कधी बाहेर पडावं?’ या प्रश्नाची उत्तरं अशी होती:

• लगेच: २९ टक्के
• सहा महिन्यांच्या आत: २२ टक्के
• सहा ते बारा महिन्यांत: २१ टक्के
• गरज असेल तोपर्यंत थांबावं: २३ टक्के
• उरलेल्यांचं ठाम उत्तर नव्हतं.

आता पहिल्या तीन ओळींची बेरीज करा. २९ अधिक २२ अधिक २१, म्हणजे ७२. हाच तो ७२ टक्के. म्हणजे ‘एका वर्षाच्या आत बाहेर पडावं’ असं म्हणणारे ७२ टक्के होते. ‘आत्ताच्या आत्ता’ म्हणणारे २९ टक्केच होते. वर्षभराची मुदत आणि आजच निघणं यात केवढा फरक आहे! घरमालकाने ‘वर्षभरात खोली रिकामी करा’ म्हणणं आणि ‘आज रात्री निघा’ म्हणणं, या दोन गोष्टी आपण कधीच एक धरत नाही.

दुसरी गोष्ट. प्रश्न ‘कधी’ असा होता, ‘का’ असा नव्हता. एखादा सैनिक ‘युद्धच चुकीचं आहे’ म्हणून वर्षभरात निघा म्हणाला असेल. दुसरा ‘आपलं काम वर्षभरात होईल’ म्हणून. तिसरा केवळ दमला असेल. ७२ च्या आकड्यात हे तिघंही एकत्र बसलेत. त्यामुळे ‘७२ टक्के सैनिकांना युद्ध चुकीचं वाटतं’ हे वाक्य या उत्तरातून निघत नाही.

पण विरोधकांनी आकडा ताणला म्हणून समर्थक बरोबर ठरतात का? तसंही नाही. ‘गरज असेल तोपर्यंत थांबावं’ असं म्हणणारे चारातला एकही पुरता नव्हता. सरकारची तेव्हाची भूमिका याच्या जवळ जाणारी होती. ‘लगेच नको’ म्हणणाऱ्या सगळ्यांना उचलून ‘युद्धाच्या बाजूने’ या खात्यात टाकणं हीसुद्धा तेवढीच मोठी चूक.

मग ८५ टक्क्यांचं काय?

याच सर्व्हेत ८५ टक्के सैनिक म्हणाले की ही मोहीम मुख्यतः ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातल्या सद्दामच्या भूमिकेचा बदला घेण्यासाठी आहे. चौकशी आयोगाला मात्र त्या आधीच इराकच्या अशा सहभागाचा पुरावा मिळाला नव्हता.

या आकड्याचे दोन वेगवेगळे चुकीचे अर्थ लागू शकतात:

१. ‘८५ टक्के सैनिकांचा युद्धाला पाठिंबा आहे.’ चूक. मोहीम कशासाठी आहे असं वाटतं, एवढंच विचारलं होतं. कारण माहीत असणं म्हणजे पाठिंबा असणं नव्हे. त्याच ९४४ जणांतले ७२ टक्के वर्षभरात निघा म्हणत होते, हे विसरून चालत नाही.

२. ‘८५ टक्के सैनिक म्हणतात म्हणजे सद्दामचा हात होताच.’ हीपण चूक. सर्व्हे लोकांना काय वाटतं ते सांगतो. प्रत्यक्षात काय घडलं ते सर्व्हेने ठरत नाही. मैदानावर असलेल्या माणसाला मैदानाची माहिती आपल्यापेक्षा खूप जास्त असते. पण सरकारांच्या गुप्त संबंधांची माहिती त्याच्याकडे असेलच असं नाही.

‘सैनिक’ म्हणजे सगळे एकच नाहीत

या सर्व्हेत गटवार आकडेही दिले होते. वर्षभरात बाहेर पडावं असं म्हणणारे राखीव दलात ८९ टक्के, नॅशनल गार्डमध्ये ८२ टक्के, नियमित लष्करात दहातले सात आणि मरीन दलात ५८ टक्के होते.

म्हणजे नोकरी-धंदा सोडून बोलावले गेलेले राखीव सैनिक आणि पूर्णवेळ मरीन, यांच्यात मोठी तफावत दिसते. ‘सैनिकांचं मत’ असं एकच एक मत नसतं, ते इथे कळतं. फक्त एक सावधगिरी: गट लहान झाला की आकड्याची खात्रीही कमी होते. त्याचं गणित पुढे दिलंय.

या सर्व्हेची कमजोर बाजूही सांगायला हवी. सुरक्षेच्या कारणाने सर्व्हेची ठिकाणं जाहीर केली नव्हती. युद्धक्षेत्रात ते समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे सैनिक कसे निवडले, हे बाहेरच्या माणसाला तपासता येत नाही. तेव्हा हा आकडा ‘साधारण अंदाज’ म्हणून वाचायचा, काळ्या दगडावरची रेघ म्हणून नाही.

सर्व्हे दुसरा: मिलिटरी टाइम्सचे वाचक

अमेरिकेत आर्मी टाइम्स, नेव्ही टाइम्स अशी सैनिकांसाठी वेगवेगळी खासगी वर्तमानपत्रं निघतात. त्यांच्या मिलिटरी टाइम्स समूहाने २००३ पासून दरवर्षी आपल्या वर्गणीदारांचा सर्व्हे घ्यायला सुरुवात केली. २००६ च्या अखेरीस जो निकाल आला, त्यातले काही आकडे बघा:

• राष्ट्राध्यक्ष बुश इराक युद्ध ज्या पद्धतीने हाताळतात ते पसंत: ३५ टक्के. नापसंत: ४२ टक्के.
• अमेरिकेने इराकमध्ये युद्धाला जायला हवं होतं असं म्हणणारे: ४१ टक्के. २००३ मध्ये हाच आकडा ६५ टक्के होता.
• इराकमध्ये यश मिळण्याची शक्यता आहे असं म्हणणारे: ५० टक्के. २००४ मध्ये हाच आकडा ८३ टक्के होता.

आता पहिली ओळ परत वाचा. ३५ टक्के पसंत. मग ‘६५ टक्के सैनिक बुशच्या विरोधात’ असं लिहिलं तर? चूक. कारण नापसंत ४२ टक्के आहे. ३५ अधिक ४२ म्हणजे ७७. उरलेल्या २३ टक्क्यांनी दोन्हीपैकी काहीच निवडलं नाही.

सैनिकांच्या सर्व्हेत हा मधला गट फार महत्त्वाचा असतो. अमेरिकन लष्करी कायद्याच्या कलम ८८ नुसार अधिकाऱ्याने राष्ट्राध्यक्षांबद्दल तुच्छतेचे शब्द वापरणं हा गुन्हा आहे. सर्व्हेत ‘नापसंत’वर खूण करणं म्हणजे तसे शब्द वापरणं नव्हे. तरी ज्या नोकरीत सरसेनापतीबद्दल जपून बोलायची सवय लागलेली असते, तिथे काही जण ‘सांगायचं नाही’वर खूण करणारच. ते गप्प राहिले म्हणून त्यांना कोणत्याही एका बाजूच्या खात्यात टाकायचा हक्क आपल्याला मिळत नाही.

हा सर्व्हे संपूर्ण लष्कराचा नव्हता

हे खुद्द मिलिटरी टाइम्सनेच निकालाबरोबर स्पष्ट लिहिलं होतं. उत्तरं देणारे वर्गणीदार होते. ते सरासरी सैनिकापेक्षा वयाने मोठे, जास्त अनुभवी, अधिकारी असण्याची शक्यता जास्त आणि लष्करातच करिअर करणारे होते. नुकताच भरती झालेला एकोणीस वर्षांचा जवान यात कमी दिसणार.

गंमत बघा. आकडे सरकारच्या बाजूने आले की समर्थक ही टीप विसरत आणि आकडे विरोधात गेले की नेमकी तीच टीप पुढे करत. विरोधकांचं बरोबर उलटं. नियम एकच हवा: टीप लागू असेल तर ती दोन्ही वेळा लागू.

पण या सर्व्हेची एक जमेची बाजूही आहे. तो दरवर्षी साधारण त्याच प्रकारच्या वाचकांमध्ये, तशाच प्रश्नांनी होत होता. वजनकाटा दोन किलो जास्त दाखवत असला तरी दर महिन्याला त्याच काट्यावर उभं राहिलं, तर वजन वाढतंय की कमी होतंय ते कळतंच. तसंच इथे. ४१ हा आकडा संपूर्ण लष्कराचा म्हणून धरू नका. पण तीन वर्षांत ६५ वरून ४१ पर्यंत झालेली घसरण मात्र नुसत्या योगायोगाने येत नाही.

आणि हे आकडे आले तेव्हा निर्णय व्हायचा होता. नोव्हेंबर २००६ मध्ये बुश यांचा पक्ष संसदेच्या दोन्ही सभागृहांत बहुमत गमावून बसला. जानेवारी २००७ मध्ये बुश यांनी इराकमध्ये आणखी वीस हजारांहून जास्त सैनिक पाठवायची घोषणा केली. म्हणजे हा वाद नुसता इंटरनेटवरचा नव्हता. कोणाच्या घरचा मुलगा किंवा मुलगी पुन्हा तैनातीवर जाणार, हे त्यावेळी ठरत होतं.

त्रुटीची मर्यादा: मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा

प्रत्येक चांगल्या सर्व्हेत ‘अधिक-उणे अमुक टक्के’ असं लिहिलेलं असतं. त्याचा ढोबळ हिशोब सोपा आहे: १ भागिले सॅम्पलचं वर्गमूळ.

• ९४४ माणसं: वर्गमूळ सुमारे ३०.७. १ भागिले ३०.७ म्हणजे सुमारे ३.३ टक्के.
• ४०० माणसं: वर्गमूळ २०. म्हणजे ५ टक्के.
• १०० माणसं: वर्गमूळ १०. म्हणजे १० टक्के.

आता समजा एखाद्या गटात फक्त १०० जण आहेत आणि त्यातले ५८ टक्के एका बाजूला आहेत. म्हणजे खरा आकडा ४८ ते ६८ च्या मध्ये कुठेही असू शकतो. ‘बहुमत’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणूनच मोठ्या सर्व्हेतला छोटा गट वेगळा काढून त्याची हेडलाइन केली असेल, तर थोडं थांबायचं.

आणि हे गणित फक्त माणसं यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी निवडली असतील तरच लागू होतं. निवडच एकांगी असेल तर सॅम्पल कितीही मोठं असून उपयोग नाही. याचं प्रसिद्ध उदाहरण १९३६ चं. ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या आणि वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून त्यांनी सांगितलं की लँडन ५७ टक्के मतांनी जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मतं घेऊन जिंकले. लँडनना फक्त दोन राज्यं मिळाली. पत्ते टेलिफोन आणि मोटार असलेल्यांच्या याद्यांतून घेतले होते आणि उत्तर पाठवायचा उत्साह सगळ्यांना सारखा नव्हता. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी त्यामानाने खूप लहान सॅम्पल घेऊन विजेता बरोबर सांगितला.

इन्स्टाग्राम स्टोरीवरचा किंवा टेलिग्राम चॅनलवरचा पोल याच जातीचा. पन्नास हजार मतं पडली तरी ती त्या चॅनलच्या फॉलोअर्सची मतं असतात, बाकी कोणाची नाही.

माजी सैनिकांचे सर्व्हे वेगळे का धरायचे?

सेवेतल्या सैनिकांना गाठणं कठीण असतं, म्हणून बरेच सर्व्हे माजी सैनिकांचे होतात. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०११ मध्ये असा एक सर्व्हे केला. ११ सप्टेंबर २००१ नंतर सेवा केलेल्या माजी सैनिकांमध्ये ५० टक्के म्हणाले की अफगाणिस्तानचं युद्ध लढण्याजोगं होतं. इराकबद्दल तसं म्हणणारे ४४ टक्के होते. दोन्ही युद्धं लढण्याजोगी होती असं म्हणणारे ३४ टक्के आणि दोन्ही नव्हती असं म्हणणारे ३३ टक्के.

या एका परिच्छेदातून किती हेडलाइन निघतात बघा. ‘फक्त एक तृतीयांश माजी सैनिकांना दोन्ही युद्धं योग्य वाटतात.’ ‘फक्त एक तृतीयांश माजी सैनिकांना दोन्ही युद्धं व्यर्थ वाटतात.’ दोन्ही वाक्यं अक्षरशः खरी. पण एकटं वाक्य वाचणाऱ्याच्या मनात चित्र उमटतं ते पार उलटं. खरं चित्र असं की माजी सैनिक तीन जवळपास समान भागांत विभागले गेले होते.

२०१९ मध्ये प्यूने पुन्हा विचारलं, यावेळी १,२८४ माजी सैनिकांना. इराक युद्ध लढण्याजोगं नव्हतं असं ६४ टक्के म्हणाले, अफगाणिस्तानबद्दल ५८ टक्के. सर्वसामान्य अमेरिकनांमध्ये हेच आकडे ६२ आणि ५९ टक्के होते, म्हणजे जवळजवळ सारखेच. मोठा फरक होता तो पक्षाचा. इराक युद्ध लढण्याजोगं होतं असं रिपब्लिकन पक्षाकडे झुकणाऱ्या माजी सैनिकांत ४५ टक्के म्हणाले, तर डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणाऱ्यांत १५ टक्के.

पण इथेही दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. २०१९ च्या सर्व्हेत सर्व काळातले माजी सैनिक होते, इराकमध्ये कधीही न गेलेलेसुद्धा. २०११ चे आकडे मात्र ११ सप्टेंबरनंतर सेवा केलेल्यांचे होते. त्यामुळे ४४ आणि ६४ एकमेकांशेजारी ठेवून ‘आठ वर्षांत मत इतकं बदललं’ असा ग्राफ काढणं चूक.

मग सगळे सर्व्हे खोटेच म्हणायचे का?

नाही! ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात आळशी पळवाट आहे. आपल्या सोयीचा आकडा आला की ‘बघा!’ आणि गैरसोयीचा आला की ‘सर्व्हे विकत घेतलेला असतो’, हाही चुकीच्या वाचनाचाच प्रकार.

वरचे सर्व्हे एकत्र ठेवून बघा. इराकमध्ये समोरासमोर घेतलेला एक. अनुभवी वाचकांचा दुसरा. माजी सैनिकांचे तिसरा आणि चौथा. पद्धती वेगळ्या, माणसं वेगळी, प्रत्येकाची कमजोर बाजूही वेगळी. तरी एक गोष्ट सगळ्यांत दिसते: सैन्याचा युद्धाला एकमुखी पाठिंबा होता असं कोणताही सर्व्हे म्हणत नाही आणि सैन्य एकमुखाने विरोधात होतं असंही कोणताच म्हणत नाही. २००३ नंतर विश्वास घटत गेला, पण मतं विभागलेली राहिली. एवढं मात्र आपण बऱ्यापैकी खात्रीने म्हणू शकतो. हे वाक्य पोस्टरवर छापायला तितकंसं जोरदार नाही. पण ते खरं आहे.

भारतात असे सर्व्हे का दिसत नाहीत?

आपल्याकडे लष्करी कायदा १९५० आणि लष्करी नियम १९५४ नुसार सेवेतल्या सैनिकांच्या राजकीय कामावर आणि माध्यमांशी परवानगीशिवाय बोलण्यावर बंधनं आहेत. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप मोबाइलमधून काढायला सांगितली होती. त्यामुळे ‘आपल्या जवानांपैकी इतके टक्के म्हणतात’ असा फोटो आला, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: हे कोणी, कोणाच्या परवानगीने आणि कसं विचारलं?

आणि कोणाचा मामा, कोणाचा दादा फौजेत असतो. तो जे सांगतो ते ऐकण्यासारखंच असतं. पण ते एका माणसाचं मत आहे. त्याला टक्केवारी लावता येत नाही.

फॉरवर्ड करण्याआधी या ७ स्टेप्स करा

१. मूळ सर्व्हे शोधा. फोटोवर संस्थेचं नाव आणि वर्ष असेल तर ते सर्च करा. नाव नसेल तर गूगल लेन्सने फोटो शोधा. नाव कुठेच नाही? मग तो सर्व्हे नाही, नुसता मजकूर आहे.

२. प्रश्नाचे नेमके शब्द वाचा. ‘कधी निघावं’ आणि ‘जायला हवं होतं का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

३. कोणाला विचारलं ते बघा. सेवेतले, राखीव, माजी, की कुटुंबीय? तैनातीवरचे की घरी असलेले?

४. कधी विचारलं ते बघा. जुना सर्व्हे नवा म्हणून फिरवणं ही नेहमीची युक्ती. मूळ पान गायब असेल तर वेबॅक मशीनवर जुनी प्रत मिळते का बघा.

५. सगळे पर्याय बघा, बेरीज करा. १०० होत नसेल तर उरलेले लोक कुठे गेले?

६. सॅम्पल आणि निवडीची पद्धत बघा. रिपोर्टच्या शेवटी ‘मेथडॉलॉजी’ नावाचा भाग असतो. बहुतेक जण तिथपर्यंत पोहोचतच नाहीत, पण खरा मसाला तिथेच असतो.

७. आकडा उलटा करून बघा. हाच सर्व्हे तुमच्या मताच्या विरोधात गेला असता तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता? तेच आत्ताही म्हणा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हेसाठी पैसे कोणी दिले हे महत्त्वाचं आहे का?
हो, बघायला हवं. पण पैसे एका बाजूच्या माणसाने दिले एवढ्यावरून आकडे खोटे ठरत नाहीत. प्रश्न आणि पद्धत जाहीर असेल तर आधी ती तपासा.

फक्त एक हजार लोकांवरून लाखोंचं मत कसं कळतं?
भात शिजला का ते बघायला आपण सगळं पातेलं खात नाही, चार शितं दाबून बघतो. अट एकच: भात नीट ढवळलेला हवा. यादृच्छिक निवड म्हणजे तेच ढवळणं.

बहुसंख्य सैनिक एखाद्या बाजूने असतील तर सरकारने तेच करायला हवं का?
लोकशाहीत युद्धाचा निर्णय निवडून आलेलं सरकार घेतं आणि त्याचा जाब नागरिक विचारतात. सैनिकांचं मत त्यात ऐकायलाच हवं, पण त्या मताआड लपून आपली जबाबदारी झटकता येत नाही. ना सरकारला, ना आपल्याला.

शेवटी एवढंच. गणवेशातल्या माणसाला अनेकदा उघडपणे स्वतःचं मत मांडता येत नाही. सर्व्हे ही त्याचं म्हणणं आपल्यापर्यंत पोहोचायच्या मोजक्या वाटांपैकी एक आहे. त्याने ‘वर्षभरात’ म्हटलं असेल तर ते ‘वर्षभरात’ असंच पुढे पाठवा. ‘सांगायचं नाही’ म्हटलं असेल तर तेही तसंच राहू द्या.